आभासी पेहराव, खरा पैसा

मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर करण्यात आले. नोटाबंदीला तेव्हा जेमतेम तीन आठवडे उलटले होते. बँक ऑफ बडोदा आणि स्वातंत्र्यवीर सावरकर प्रतिष्ठान यांच्या पुढाकाराने गावातील दुकानदारांकडे कार्ड स्वाइप करण्याची यंत्रे आली आणि तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत या उपक्रमाचा प्रारंभ झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय ही व्यवस्था अस्तित्वात आली होती आणि सप्टेंबरमध्ये रिलायन्स जिओच्या आगमनाने मोबाइल डेटाचे दर कोसळले होते. पुढे मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद पडल्या आणि अभ्यासासाठी म्हणून घरातला स्मार्टफोन मुलांच्या हाती गेला.

या घटनांचा परस्परांशी तसा थेट संबंध नाही. मात्र त्या एकत्र आल्याने शहापूर आणि मुरबाडसारख्या ग्रामीण तालुक्यांतही पैसे खर्च करण्याची एक अगदी नवी वाट खुली झाली. ऑनलाइन व्हिडिओ गेममधील पात्राला कपडे, बंदुकीला रंग आणि पॅराशूटला नक्षी विकत घेण्याची ही वाट आहे. यातील वस्तू आभासी असली, तरी त्यासाठी मोजला जाणारा पैसा खरा असतो.

वस्तू नेमकी कोणती?

गेममध्ये विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारातील वस्तू खेळाडूची ताकद वाढवतात. दुसऱ्या प्रकारातील वस्तू निव्वळ शोभेच्या असतात. खेळाडूंच्या भाषेत या शोभेच्या वस्तूंना ‘स्किन’ म्हणतात. पात्राचा पोशाख, बंदुकीचे रंगरूप, वाहनाचे बाह्यांग, विजयानंतर पात्राने करावयाचा नाच म्हणजे ‘इमोट’, हे सारे त्यात येते. स्किन घेतल्याने नेम सुधारत नाही आणि पात्राचे आयुष्यही वाढत नाही.

दरवर्षी पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे भरणारी यात्रा बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ आणि पाठीवर झूल घातल्याने नांगरट वाढत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. तरीही तो ती घेतो, कारण आपली जोडी चारचौघांत उठून दिसावी, असे त्याला वाटते. स्किन घेण्यामागची प्रेरणा याहून फारशी वेगळी नाही. फरक आहे तो वस्तूच्या मालकीत आणि पैसे देण्याच्या पद्धतीत.

सर्वच स्किन मात्र निव्वळ शोभेच्या नसतात. ‘फ्री फायर’ या गेममधील बंदुकांच्या अनेक स्किनमुळे माऱ्याची तीव्रता किंवा वेग यांत थोडाफार बदल होतो. त्यामुळे ‘नुसता रंग तर घेतला’ हे मुलाचे म्हणणे खरे की नाही, हे त्या त्या गेमवर अवलंबून असते.

घोड्याच्या चिलखतापासून

या व्यापाराचा इतिहास फार जुना नाही. दक्षिण कोरियातील कंपन्यांनी २००० च्या दशकाच्या आरंभी गेम फुकट देऊन आतील वस्तू विकण्याचा मार्ग रूढ केला. पाश्चात्त्य जगात एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा या अमेरिकी कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ या गेममधील घोड्यासाठी चिलखत विक्रीस काढले. किंमत होती अडीच डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने शंभर रुपयांहून थोडी अधिक. पैसे मोजून आधीच विकत घेतलेल्या गेममध्ये घोडा सजवण्यासाठी पुन्हा पैसे का मोजावेत, असा सवाल करीत खेळाडूंनी त्याची यथेच्छ टिंगल केली. ते चिलखत आजही या व्यापाराचे प्रतीक म्हणून सांगितले जाते.

टिंगल विरली आणि व्यापार वाढला. व्हॉल्व्ह कंपनीने ‘टीम फोर्ट्रेस २’ मध्ये २०१० साली टोप्या व अन्य वस्तूंचे दुकान थाटले आणि २०११ मध्ये गेम फुकट केला. २०१३ मध्ये याच कंपनीच्या ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये बंदुकांच्या स्किन आल्या आणि त्यांची खेळाडूंमध्ये आपसांत खरेदी-विक्री होऊ लागली. २०१७ मध्ये आलेल्या एपिक गेम्सच्या ‘फोर्टनाइट’ने तर सारे हिशेब बदलले. हा गेम खेळण्यास फुकट असूनही २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत त्याने ९०० कोटी डॉलरहून अधिक महसूल मिळवल्याचे अमेरिकेतील न्यायालयीन कागदपत्रांतून पुढे आले. या उत्पन्नाचा मोठा आधार पोशाख आणि नाच यांची विक्री हाच होता.

भारतातील प्रवास

भारतात या प्रकाराची ओळख घरोघरी झाली ती २०१८ मध्ये आलेल्या ‘पब्जी मोबाइल’मुळे. त्याच सुमारास सिंगापूरच्या गरेना कंपनीचा ‘फ्री फायर’ लोकप्रिय झाला. साध्या, स्वस्त फोनवरही तो चालत असल्याने त्याचा प्रसार लहान शहरांत आणि खेड्यांत अधिक झाला. पब्जीतील चलनाला ‘यूसी’ म्हणतात, तर फ्री फायरमधील चलनाला ‘डायमंड’.

केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ अन्वये पब्जीसह ११८ अॅपवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने भारतासाठी ‘बीजीएमआय’ हा स्वतंत्र गेम आणला. तोही २८ जुलै २०२२ रोजी अॅप दुकानांतून हटवण्यात आला आणि मे २०२३ मध्ये परतला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, मात्र त्याची ‘मॅक्स’ ही आवृत्ती उपलब्ध राहिली. महाराष्ट्रही या व्यवसायापासून दूर नाही. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा भारतीय बाजाचा गेम बाजारात आणला. तोही फुकट खेळता येतो.

रोजाच्या हिशेबात

यूसीचा सर्वांत लहान संच शंभर रुपयांच्या आत मिळतो. ही रक्कम एखाद्या वडापाव-चहाच्या फेरीइतकी वाटते आणि त्यातच या व्यवहाराची मेख आहे. गेममधील वस्तूची किंमत रुपयांत लिहिलेली नसते. आधी रुपये देऊन यूसी किंवा डायमंड घ्यायचे आणि मग त्यांतून वस्तू घ्यायची. एकदा रुपयाचे रूप बदलले की खर्चाचा अंदाज सुटतो. चलनाचे संच आणि वस्तूंच्या किमती बहुधा जुळत नाहीत. थोडे चलन शिल्लक राहते आणि ते वाया जाऊ नये म्हणून पुढचा संच घेतला जातो. त्यात ‘आज मध्यरात्रीपर्यंतच’ अशी मुदत आणि ‘रॉयल पास’सारखी ठराविक काळापुरती योजना असली की हात आखडता घेणे आणखी अवघड होते.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांचे अर्थकारण आजही पावसाळी भातशेती, वीटभट्ट्या, मुरबाडची औद्योगिक वसाहत, भिवंडी-पडघा पट्ट्यातील गोदामे आणि कसारा मार्गावरच्या लोकलने कल्याण-मुंबईला जाणाऱ्या नोकरदारांवर उभे आहे. कातकरी आणि ठाकर समाजातील अनेक कुटुंबे पावसाळ्यापूर्वीच उचल घेतात आणि दिवाळीनंतर भट्टीवर जाऊन ती फेडतात. २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरवण्यात आली होती. बीजीएमआय सुरू झाला तेव्हा १८ वर्षांखालील खेळाडूंसाठी कंपनीने खर्चाची कमाल मर्यादा जाहीर केली होती. ती होती दिवसाला ७ हजार रुपये. म्हणजे मुलांच्या संरक्षणासाठी म्हणून आखलेली एका दिवसाची मर्यादा ही रोजगार हमीवरील मजुराच्या २२ दिवसांच्या कमाईएवढी भरते. ही मर्यादा ज्या घरांकडे पाहून आखली गेली, त्यांत वीटभट्टीवरचे घर नव्हते, हे उघड आहे.

मोठ्या रकमांची उदाहरणे अर्थातच विरळा आहेत, पण ती बोलकी आहेत. जुलै २०२० मध्ये पंजाबमधील खरड येथील १७ वर्षांच्या मुलाने पालकांच्या खात्यांतून सुमारे १६ लाख रुपये पब्जीवर उडवले. बँकेचे संदेश तो पुसून टाकत असल्याने घरच्यांना पत्ता लागला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या पश्चिम उपनगरातील १६ वर्षांच्या मुलाने आईच्या खात्यातून सुमारे १० लाख रुपये याच कारणासाठी खर्च केले. हे उघडकीस आल्यावर घरचे रागावले, तेव्हा तो चिठ्ठी लिहून घर सोडून गेला. पोलिसांनी शोध घेऊन त्याला सुखरूप घरी पोहोचवले. रोजगार हमीवर वर्षाला १०० दिवस काम धरले, तर १० लाख रुपये कमावण्यास मजुराला ३२ वर्षे लागतील.

मुले घेतात तरी का?

हा केवळ हट्टाचा भाग नाही. इंग्लंडच्या बाल आयुक्तांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये १० ते १६ वयोगटातील मुलांशी बोलून एक अहवाल प्रसिद्ध केला. फुकट मिळणाऱ्या मूळ पोशाखात खेळणाऱ्यांना सवंगडी ‘डीफॉल्ट’ म्हणून हिणवतात, हे त्यात मुलांनीच सांगितले आहे. शाळेत फाटक्या चपलेवरून होणारी चेष्टा आता पडद्यावर सरकली आहे. कपड्यालत्त्यावरून घराची ऐपत कळू नये म्हणून शाळेला गणवेश असतो. गेममध्ये तशी सोय नाही. तिथे कोण पैसे खर्च करू शकतो आणि कोण नाही, हे पहिल्या नजरेत दिसते. गावातल्या आणि शहरातल्या मुलांचा संघ एकत्र खेळत असेल, तर हे अंतर गावातल्या मुलाला अधिक बोचते.

नशिबाची पेटी

हव्या त्या वस्तूची थेट विक्री हा एक प्रकार झाला. दुसऱ्या प्रकारात खेळाडू पेटी विकत घेतो आणि आत काय निघेल हे नशिबावर असते. याला ‘लूट बॉक्स’ किंवा ‘क्रेट’ म्हणतात. फिरत्या चक्रावरील ‘स्पिन’ हे त्याचेच रूप आहे. दुर्मीळ पोशाख निघण्याची शक्यता फारच कमी असते आणि तो निघेपर्यंत पेट्या घेतल्या जातात. जत्रेतल्या सोडतीच्या गाळ्यावर घडते तेच येथे घडते. मात्र जत्रा संपते आणि गाळा उठतो, फोनवरचा गाळा रात्रंदिवस उघडा असतो.

चीनने २०१७ मध्ये अशा पेट्यांतील वस्तू निघण्याची शक्यता जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक केले. त्याच वर्षअखेरीस अॅपलनेही आपल्या दुकानातील गेमना तसा नियम लावला. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये काही गेममधील पेट्या हा सरळसरळ जुगार असल्याचा निर्वाळा दिला. पेटी उघडण्यापूर्वी शक्यतांचा तक्ता पाहिला, तर तो हवा तो पोशाख किती महागात पडेल, याचा अंदाज सहज देतो.

मालक कोण?

म्हशाच्या यात्रेत घेतलेली घुंगरमाळ पुढल्या वर्षी विकता येते किंवा भावाच्या बैलाला घालता येते. स्किनचे तसे नसते. कंपन्यांच्या अटी वाचल्या तर खेळाडूला मिळतो तो फक्त वापराचा परवाना, मालकी कंपनीकडेच राहते. पब्जीवर बंदी आल्यानंतर ३० ऑक्टोबर २०२० पासून भारतातील सेवा थांबली आणि खेळाडूंनी घेतलेले सारे पोशाख एका दिवसात निरुपयोगी झाले. पुढे बीजीएमआयमध्ये जुन्या खात्यांतील सामान हलवण्याची मुभा मिळाली, पण ती कंपनीने दिली म्हणून आणि ठरावीक मुदतीपुरतीच.

जिथे स्किनची अधिकृत फेरविक्री होते, तिथेही कळ कंपनीच्याच हाती असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने ‘काउंटर-स्ट्राइक २’ मधील दुर्मीळ चाकू मिळवण्याच्या नियमात एक बदल केला आणि त्या चाकूंचे भाव अल्पावधीत गडगडले. गुंतवणूक म्हणून ते घेणाऱ्यांना हा धडा महाग पडला.

याशिवाय सजवलेले संपूर्ण खाते, म्हणजेच ‘आयडी’, विकण्या-घेण्याचा एक अनधिकृत बाजार आहे. बहुतेक कंपन्यांच्या नियमांत त्यास मनाई आहे. पैसे घेतल्यानंतर मूळ मालक जुन्या ईमेलच्या आधारे खाते परत मिळवू शकतो आणि फसलेल्या खेळाडूला कंपनीकडेही दाद मागता येत नाही. फुकट डायमंडचे आमिष दाखवणाऱ्या लिंक हा तर उघड फसवणुकीचा प्रकार आहे.

कायदा काय म्हणतो?

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा, २०२५ संसदेत २१ ऑगस्ट २०२५ रोजी मंजूर झाला आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींनी त्यास संमती दिली. पैसे लावून त्या बदल्यात पैसे किंवा अन्य लाभ जिंकण्याच्या अपेक्षेने खेळल्या जाणाऱ्या गेमवर त्याने बंदी आणली. असा गेम उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र पोशाख विकत घेणारा खेळाडू काही जिंकण्यासाठी पैसे लावत नाही, तो खरेदी करतो. त्यामुळे शोभेच्या वस्तूंची थेट विक्री या बंदीच्या कक्षेत येत नाही. लूट बॉक्सचाही कायद्यात स्वतंत्र उल्लेख नाही. ‘सरकारने गेम बंद केले’ या समजुतीत निर्धास्त झालेल्या पालकांनी हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पालकांच्या बाजूने काही जुन्या-नव्या तरतुदी आहेत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही आणि प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात असा करार मुळातच निरर्थक ठरवला आहे. परताव्याची मागणी करताना हा मुद्दा मांडता येतो. मात्र व्यवहार पालकाच्याच खात्यातून आणि त्याच्याच पिनने झाला असेल, तर तो मुलाने केला हे दाखवून देण्याची वेळ पालकावर येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला चकवणाऱ्या १३ प्रकारच्या मांडणींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. घाई करायला लावणारी खोटी मुदत हा त्यांपैकीच एक प्रकार होय.

अशा मांडणीची किंमत परदेशात कंपन्यांना मोजावी लागली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर झालेल्या तडजोडीत एपिक गेम्सने एकूण ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांपैकी २४.५ कोटी डॉलर हे फसव्या बटणरचनेमुळे आणि पालकांच्या संमतीविना झालेल्या खरेदीच्या परताव्यासाठी होते.

पैसा जातो कोणत्या वाटेने?

खेळाडूकडे स्वतःचे बँक खाते नसले तरी अडत नाही. पालकाच्या फोनवरील यूपीआय, अॅप दुकानाला जोडलेले कार्ड, मोबाइलच्या दुकानातून रोख देऊन घेतलेला रिडीम कोड किंवा गेममधील ओळख क्रमांक सांगून करून घेतलेला ‘टॉप-अप’ अशा अनेक वाटा आहेत. त्यातली यूपीआय लाइटची वाट सहसा दुर्लक्षित राहते. छोट्या रकमांसाठी असलेल्या या सुविधेत पिन टाकावा लागत नाही. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये तिची मर्यादा एका व्यवहारास एक हजार रुपये आणि एकूण शिल्लक पाच हजार रुपये अशी वाढवली. घरात एकच फोन असेल आणि तो संध्याकाळी मुलाकडे जात असेल, तर त्या फोनवर यूपीआय लाइट न ठेवणे शहाणपणाचे.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने १० डिसेंबर २०२१ रोजी पालक व शिक्षकांसाठी प्रसिद्ध केलेल्या सूचनांत पालकांच्या संमतीविना गेममध्ये खरेदी होऊ देऊ नये, कार्डाचा तपशील अॅपमध्ये साठवू नये आणि प्रत्येक व्यवहाराला खर्चाची मर्यादा घालावी, असे सुचवले आहे. प्रत्यक्षात करण्याजोग्या गोष्टी अशा :

- अॅप दुकानाच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा अनिवार्य करावा.
- मुलासाठी स्वतंत्र खाते उघडून ते पालकाच्या खात्याशी जोडावे, म्हणजे खरेदीची विनंती आधी पालकाकडे येते.
- यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. त्यांच्यासमोर टाकावा लागत असेल, तर तो वेळोवेळी बदलावा.
- आपोआप पैसे कापले जाणाऱ्या वर्गण्यांची यादी यूपीआय अॅपमध्ये महिन्यातून एकदा तपासावी.
- संदेश पुसले जाऊ शकतात, त्यामुळे खात्याचा उतारा किंवा पासबुकच्या नोंदी पाहाव्यात.
- नको असलेली खरेदी झाल्यास ४८ तासांच्या आत अॅप दुकानाकडे परताव्याची मागणी नोंदवावी. विलंब झाल्यास शक्यता कमी होत जाते.
- फसवणूक झाली असल्यास १९३० या सायबर मदतवाहिनीवर तातडीने कळवावे. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

स्वतःच्या कमाईतून, ऐपत पाहून कोणी पोशाख घेत असेल, तर त्यात गैर काही नाही. मनोरंजनावर खर्च करण्याचा अधिकार गोदामात राबणाऱ्या तरुणालाही आहे. प्रश्न उद्भवतो तो पैसा एकाचा आणि बोट दुसऱ्याचे असते तेव्हा. अशा वेळी रागावणे हा पालकांचा पहिला प्रतिसाद असतो आणि मुंबईच्या घटनेत दिसले त्याप्रमाणे तोच कधी कधी रकमेपेक्षा मोठे संकट ओढवतो. किती पैसे गेले, कोणत्या वाटेने गेले आणि ही वस्तू का हवीशी वाटली, हे मुलाला शांतपणे विचारले तर परताव्याच्या अर्जासाठी लागणारी माहितीही त्याच्याकडूनच मिळते. त्यासाठी हाती असलेल्या ४८ तासांतले पहिले काही तास भांडणात न घालवणे घराच्या हिताचे ठरते.